अपूर्ण ज्वलन

सबनीस ट्रकचं नाक पुसायचे.

हे मी अलंकारिक बोलत नाही. बदलापूरचं रेल्वे फाटक त्या काळी एकदा बंद झालं की चांगलं निवांत बंद राहायचं. दोन्ही बाजूंना ट्रक, टँकर, टेम्पो इंजिन चालू ठेवून उभे असायचे आणि सगळं गाव खोकत असायचं. आम्ही बाकीची माणसं आपापल्या नाकाला रुमाल लावायचो. सबनीस आपला रुमाल ट्रकला लावायचे. इस्त्रीचा पांढराशुभ्र रुमाल खिशातून काढायचा, पँट गुडघ्यापाशी वर ओढून ट्रकमागं उकिडवं बसायचं, सायलेन्सरच्या तोंडासमोर रुमाल ताणून धरायचा, आणि मग तो उजेडात नेऊन सोनारानं दागिना पाहावा तसा त्यावरचा काळा गोल पाहायचा.

एखादा ड्रायव्हर खिडकीतून मान काढून विचारायचा, "क्या साब, पंक्चर है क्या?"

"नाही," सबनीस गंभीरपणे सांगायचे, "सर्दी."

आणि आमच्याकडे वळून आपला निकाल जाहीर करायचे, "अपूर्ण ज्वलन!"

हा त्यांचा पेटंट शब्द होता. अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्यात ते बॉयलरचे अधिकारी होते. आयुष्य आग बघण्यात गेलेलं. धूर म्हणजे जळायचं राहून गेलेलं इंधन, हे त्यांनी मला ओळख झाली त्याच दिवशी सांगितलं आणि पुढं कधी विसरू दिलं नाही. सोसायटीच्या सभेत जोशी उगाच आरडाओरडा करायला लागले की सबनीस माझ्या कानात म्हणायचे, "हवा कमी पडतेय, मास्तर. अपूर्ण ज्वलन." भात कच्चा राहिला की अपूर्ण ज्वलन. पुढाऱ्याचं भाषण, शेजारच्या मुलीचं मोडलेलं लग्न, नगरपालिकेनं खणून ठेवलेला रस्ता, सगळं एका शब्दात बसायचं. नलिनीवहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, उल्हासनगरच्या शाळेत गणित शिकवायच्या. त्या म्हणायच्या, "यांच्या पत्रिकेत मंगळ नाही, डिझेल आहे."

रुमाल धुवायचं काम वहिनींनी सोडून दिलं होतं. धोब्यानंही एकदा गठ्ठा जसाच्या तसा परत पाठवला होता. शेवटी सबनीस स्वतः गच्चीवर स्टोव्ह पेटवून ते रुमाल सोड्यात उकळायला लागले. स्टोव्ह कधी भडकला की खाली बसून आधी त्याचीच वात नीट करायचे. धूर काढून टाकायचं काम धूर करत करायचं नाही, असं त्यांचं म्हणणं.

मी अंबरनाथच्या शाळेत चित्रकला शिकवायचो आणि आमची दारं समोरासमोर. एका संध्याकाळी ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "मास्तर, मला एक चित्र काढून द्या."

"कसलं?"

"जे अजून कुठं नाही त्याचं."

मला वाटलं देव वगैरे असेल. निघाली ती गाळणी. ट्रकच्या सायलेन्सरला लावायचा एक डबा, आत सच्छिद्र भाजक्या मातीच्या नळ्या, धूर आत जाणार, काजळी नळ्यांत अडकणार आणि बाहेर नुसती गरम हवा येणार. मी त्यांच्या सांगण्याप्रमाणे आडवा छेद काढला. तो लाल भोपळ्यासारखा दिसला. सबनीस मात्र खूश. "बॉयलरच्या चिमणीवर नजर ठेवायला सरकारी माणूस येतो, मास्तर. धूर काळा दिसला तर जाब विचारतो. आणि ही चाकांवरची चिमणी आपल्या पोरांच्या तोंडासमोरून जाते, तिला विचारणारं कोण?"

भोपळा तयार झाला, पण तो लावायला ट्रक हवा. सबनिसांनी उल्हासनगर पालथं घातलं. तिथले ट्रकमालक त्यांना चहा पाजायचे, बोलणं ऐकून घ्यायचे आणि नमस्कार करायचे. शेवटी तिथल्याच कॅम्प एकमधले सिंधी गोबिंदशेठ भेटले. शेठचे पाच-सहा ट्रक होते. पोट मोठं आणि हसू त्याहून मोठं. सबनिसांची पहिली भेट त्यांनी अर्ध्या तासात संपवली.

"साईं, धुआँ तो इंजन का साँस है. साँस बंद करेगा तो गाडी मर जाएगा ना?"

"श्वास नाही शेठ, खोकला आहे तो. खोकला थांबवायचा आहे."

शेठ हसले आणि त्यांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं. मग तिसऱ्या दिवशी. मला वाटतं, त्यांना माल, भाडं, टायर यांशिवाय कुणीतरी काहीतरी बोलतंय याचंच अप्रूप होतं. अखेर त्यांनी सगळ्यात जुना ट्रक पुढं केला. "ये ले जाओ. इसका मरने का टाइम वैसे भी हो गया."

त्या ट्रकचा ड्रायव्हर बबन. बदलापूरजवळच्या चामटोलीचा. तिशीतला, काळा, उंच, बोलायला कमी आणि आपल्या गाडीवर कुणी हात ठेवलेला न खपणारा. सबनीस भोपळा घेऊन आले तेव्हा तो कमरेवर हात ठेवून उभाच राहिला.

"ही काय गारीला लंगोटी लावताव, साहेब?"

"गाळणी आहे रे. चहाला असते तशी."

"मंग गारी चा पिनार?"

पण गाळणी लावून पहिली फेरी मारून आला आणि गुपचूप ट्रकमागं जाऊन उभा राहिला. सायलेन्सरच्या तोंडाशी त्याचा तळहात. तळहात उलटा करून पाहिला, पुन्हा धरला. स्वच्छ. तो सबनिसांकडे बघून पहिल्यांदा हसला. "साहेब, आरशावानी हाय."

त्या दिवसापासून दोघांची जोडी जमली. बबन चामटोलीहून वालाच्या शेंगा, काकड्या आणून वहिनींना द्यायचा. सबनीस त्याला ज्वलन समजावून सांगायचे. बबनला ते कितपत कळायचं ठाऊक नाही, पण रस्त्यात दुसरा ट्रक काळा लोट सोडत गेला की तो खिडकीतून हात काढून ओरडायचा, "अपूर्न जलन हाय तुजा!"

गाळणीला एक खोड होती. काजळी साठत गेली की नळ्या तुंबायच्या. गाडीला दम लागायचा, चढावर ती रडायला लागायची. सबनिसांनी उपाय काढला: दर आठवड्याला गाळणी विजेच्या कॉइलनं तापवायची आणि अडकलेली काजळी तिथंच जाळून टाकायची. कॉइल कुठून आणली? घरच्या गीझरमधून. तो हिवाळा सबनिसांच्या घरात गार पाण्याचा गेला. वहिनी अंघोळ करून कुडकुडत आमच्याकडे चहाला यायच्या आणि म्हणायच्या, "जगाची हवा स्वच्छ होतेय, मास्तर. मी तेवढी गारठतेय."

शनिवारी दुपारी शेठच्या आवारात हा जाळण्याचा सोहळा चालायचा. कॉइल लावायची, पंख्याची जुनी मोटर लावून हवा द्यायची, डब्याच्या फटीतून लाल उजेड दिसायचा. सबनीस तो लाल उजेड बघत राहायचे. एखाद्या बापानं पाळण्यात झोपलेल्या पोराकडे बघावं तसे. आतली काजळी जळून गेली की गाडी पुन्हा तरुण. वर्षभर हे बिनबोभाट चाललं. शेठचे बाकीचे ड्रायव्हर आधी हसले, मग विचारायला लागले, "हमारी गाडी को कब लगेगा?" शेठनीही हळूच विचारलं, "साईं, और एक बनेगा?"

माझ्याच्यानं आजही त्या दिवसांचा विचार करवत नाही, इतके ते चांगले होते. एक माणूस हातानं बनवलेल्या डब्यानं आख्ख्या ट्रकचा धूर गिळतोय, हे आम्ही डोळ्यांनी बघत होतो.

दिवाळीचे दिवस होते. उल्हासनगरहून कापडाचा, फर्निचरचा माल निघायचा तो रात्रंदिवस. सबनीस कारखान्यातल्या बॉयलरच्या वार्षिक तपासणीत अडकले होते. शनिवारी शेठच्या मुनिमानं काजळी जाळायला गाडी थांबवलीच नाही. पुढच्या शनिवारीही नाही. गाडीला दम लागत होता, बबन कुरकुरत होता, पण माल पोचायला हवा होता. काजळी साठत गेली.

मग एका दुपारी, भरलेली गाडी घाट चढत असताना, इंजिन इतकं तापलं की गाळणीतली सगळी काजळी आपण होऊन एकदम पेटली. जे काम हळूहळू, लक्ष ठेवून करायचं, ते क्षणात झालं. डबा लालबुंद झाला. बबनला मागून जळका वास आला. त्यानं गाडी कडेला घेतली, उतरून पाहिलं तर मालावरची ताडपत्री पेटायच्या बेतात. आत कापडाचे तागे होते. त्यानं विचार केला नाही. डब्याचा पट्टा उजव्या हातानं उपसला आणि तो डबा रस्त्यावर पाडला.

माल वाचला. गाडी वाचली. बबनचा हात गेला. म्हणजे हात राहिला, पण बोटं आखडून एकमेकांना चिकटली आणि तळहात उघडेनासा झाला. त्या हातात मोठ्या गाडीचं स्टिअरिंग पुन्हा बसणार नव्हतं.

शेठ हॉस्पिटलात आले आणि लहान मुलासारखे रडले. मुनिमाला त्यांनी सगळ्यांसमोर झापलं. सबनीस कोपऱ्यात उभे होते. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "तुमची चूक नाही. शनिवारी थांबवायला सांगितलं होतं तुम्ही. मुनीम विसरला."

सबनीस चालता चालता थांबले. "मास्तर, जी वस्तू माणूस विसरला की पेटते, ती बनवणाऱ्याचीच चूक असते. माणूस विसरणारच."

त्यानंतर त्यांनी गाळणीचं नाव काढलं नाही. फाटक बंद झालं की ते खाली मान घालून उभे राहायचे. ट्रक डोळ्यांदेखत काळा लोट सोडायचे आणि सबनीस तो मुकाट घ्यायचे, आमच्यासारखे, नाकाला रुमाल लावून. मला ते बघवायचं नाही. "अपूर्ण ज्वलन" हा शब्दही त्यांच्या तोंडी येईनासा झाला. सभेत जोशी कितीही ओरडले तरी.

चामटोलीला मात्र ते जायचे. पहिल्यांदा गेले तेव्हा मी बरोबर होतो. बबन अंगणात बाजेवर बसला होता, हात मांडीवर ठेवून, जणू तो दुसऱ्या कुणाचा हात त्याला सांभाळायला दिलाय. त्याच्या आईनं सबनिसांना पाट दिला, चहा दिला, गूळ-शेंगदाणे दिले. कुणी एक वाकडा शब्द बोललं नाही. परतीच्या वाटेवर सबनीस एवढंच म्हणाले, "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं हो."

बबन दिवसभर तसाच बसून राहायचा. शेठनी आवारात राखणीचं काम देऊ केलं, तो गेला नाही. दुसरे गाड्या बाहेर काढणार आणि आपण फाटक उघडणार, हे त्याला जमण्यासारखं नव्हतं. हळूहळू तो जेवायचाही कमी झाला.

आणि एका रविवारी सबनिसांनी त्याच्यासमोर जाहीर केलं, "बबनराव, मला गाडी शिकवा."

बबन बघतच राहिला. एकतर साहेब त्याला 'अहो' म्हणत होते. "तुमी? ह्या वयात?"

"गुरू मिळाला तर वयाचं काय. शेठशी बोललोय मी. जुनी गाडी रविवारी मोकळी असते."

शेठनी तो जुना ट्रक रविवारी चामटोलीला पाठवायला सुरुवात केली, आणि पुढं तो धंद्यातून काढला तेव्हा तिथंच माळावर ठेवून दिला. भात कापून झाल्यावर मोकळं पडलेलं खाचर हे सबनिसांचं मैदान. सबनीस स्टिअरिंगवर, बबन बाजूला. आख्खा गाव बांधावर बसून बघायचा. सिनेमाला तिकीट लागतं, हे फुकट.

इतका वाईट विद्यार्थी मी माझ्या शाळेतही पाहिला नाही. क्लच सोडला की गाडी बेडकासारखी उडी मारून बंद पडायची. उजवीकडे वळ म्हटलं की सबनीस आधी वायपर लावायचे. एकदा ते पेंढ्याच्या उडवीत घुसले आणि वर बसलेली कोंबडी बॉनेटवर येऊन बसली. बबन खेकसायचा, "साहेब, गारी हाय ती, बैल नाय! टाचा नका मारू!"

"चुकलं, बबनराव. पुन्हा सांगा."

बबन पुन्हा सांगायचा. डाव्या हातानं हवेत गियर टाकून दाखवायचा, पायानं पत्र्यावर ताल धरून क्लच कसा सोडायचा ते दाखवायचा. ओरडून ओरडून त्याचा घसा बसायचा. आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं की तो दाढी करायला लागलाय. रविवारी धुतलेला शर्ट घालतोय. गावातली दोन पोरं ड्रायव्हर व्हायचं म्हणून त्याच्याकडे यायला लागली, पुढं आणखी आली. ज्याला सबनिसांसारखा ठोंब्या शिकवता येतो त्याला कुणीही शिकवता येईल, असं त्यांच्या आईबापांनी ठरवलं असावं. पोरं महिन्या-दोन महिन्यांत शिकून जायची. सबनीस वर्षानुवर्षं तिथंच.

वहिनींना किडनीचं दुखणं झालं. त्या हॉस्पिटलात असताना मी भेटायला गेलो, आणि त्यांना जरा हसवावं म्हणून सबनिसांच्या नव्या पराक्रमाची गोष्ट सांगितली. त्या हसल्या, पण माझ्या अपेक्षेपेक्षा वेगळ्याच तऱ्हेनं.

"मास्तर, तुम्हाला सांगते, पण बोलू नका कुठं. हे लग्नाआधी धरणाच्या कामावर होते. डंपर चालवायचे. मला बघायला आले ते डंपर घेऊनच आले. आमच्या बोळात सायकल वळवायची पंचाईत, तिथं यांनी तो राक्षस रिव्हर्समध्ये घालून बाबांच्या ओट्यापाशी उभा केला. एक कुंडी फुटली नाही. बाबा म्हणाले, मुलगा संसार नीट चालवेल."

मग मला एकेक आठवायला लागलं. उडवीत घुसले, पण बाजूच्या गोठ्याला धक्का नाही. गाडी उड्या मारायची, पण नेमकी मोकळ्या जागेत. इतक्या वर्षांत एक कोंबडीसुद्धा मेली नव्हती. इतकं वाईट चालवायला किती चांगलं चालवता यावं लागत असेल!

"आता बबनकडे पोरं येतात शिकायला," मी म्हटलं. "सबनिसांनी थांबायला हरकत नाही."

"मीही तेच म्हटलं," वहिनी म्हणाल्या. "तर म्हणतात, अजून रिव्हर्स राहिलाय."

वहिनी त्या दुखण्यातून उठल्या नाहीत. सबनीस त्यानंतर एकटेच. मूलबाळ नव्हतं. लवकरच नोकरीतूनही निवृत्त झाले. रविवारी ते आता सकाळीच चामटोलीला निघायचे आणि दिवस कलल्यावर परतायचे. कधी विचारलं, कसं काय, तर म्हणायचे, "प्रगती आहे. आज बबनराव कमी ओरडले."

मधल्या काळात जग बदललं. ट्रकच्या धुरावर सरकारी नियम आले. आधी सैल, मग जरा आवळलेले. गाडी बनवणाऱ्यांना इंजिनंच बदलणं भाग पडलं. गोबिंदशेठनी नवा ट्रक घेतला, टर्बो इंजिनचा, आणि तो आवारात आला त्या दिवशी सबनिसांना मुद्दाम बोलावलं. मीही गेलो. ट्रकला झेंडूचा हार, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक. कंपनीचा एक तरुण इंजिनियर सगळ्यांना समजावून सांगत होता: बाहेर जाणाऱ्या गरम वायूच्याच जोरावर एक पंखा फिरतो, तो इंजिनात जास्त हवा कोंबतो, डिझेलचा फवाराही आता बारीक आणि जास्त दाबानं पडतो, त्यामुळं इंधन आतच जवळजवळ सगळं जळून जातं.

सबनीस मागं हात बांधून ऐकत होते. सगळं झाल्यावर त्यांनी विचारलं, "ड्रायव्हर काही करायचं विसरला तर?"

"म्हणजे, सर?"

"धुरासाठी त्याला काय लक्षात ठेवायला लागतं?"

"काहीच नाही, सर. रोजची निगा ठेवली की झालं. बाकी काम इंजिन करतं."

सबनिसांनी बॉनेटवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाले, "छान. फार छान केलंत तुम्ही लोकांनी." त्या पोरानं यात माझं काय असं तोंड केलं. शेठ म्हणाले, "साईं, रुमाल लगाओ ना! चेक करो!" सबनीस हसले. "नको, शेठ. नव्या नवरीचं नाक कुणी पुसतं का?"

ड्रायव्हरनं चावी फिरवली. पहिल्यांदा एक करडा भपका निघाला आणि विरून गेला. मग नुसती हवा थरथरताना दिसत होती, मागची भिंत तिच्यातून हलल्यासारखी वाटत होती. सबनीस त्या थरथरीकडे पाहत उभे राहिले.

तिथून ते मला चामटोलीलाच घेऊन गेले. रिक्षात म्हणाले, "मी धूर निघाल्यावर त्याला पकडायला धावत होतो, मास्तर. यांनी तो होऊच दिला नाही. मला तेव्हाही कळत होतं की खरं काम इंजिनाच्या आत आहे. पण आत हात घालायची माझी पोच नव्हती. एवढी घाई करायला नको होती. चार-सहा वर्षं थांबलो असतो तर..." परदेशात गाड्यांना अशा गाळण्या बसवून बघतायत, त्या आपोआप तापून काजळी जाळतात, असंही त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. म्हणजे कल्पना खोटी नव्हती. ती अंबरनाथ-उल्हासनगरच्या मधे, गीझरच्या कॉइलवर, वेळेआधी जन्माला आली होती. आणि तिची किंमत त्यांच्या नाही, दुसऱ्याच्या हातानं दिली होती. हे त्यांच्या मनातून कधीच गेलं नाही.

बबनला त्यांनी सगळं सांगितलं. टर्बो, फवारा, थरथरणारी हवा. बबन ऐकत राहिला, डाव्या हातानं उजवा हात चोळत.

"धूर नाय?"

"नाही हो. जवळजवळ नाहीच."

"बरा जाला," बबन म्हणाला. मग उठला. "चला, बसा गारीत. आज रिव्हर्स."

सबनीस गेले ते पावसाळा संपता संपता. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. हृदय. त्यांचे पुण्याचे पुतणे आले, सगळं रीतसर झालं. बबनला कळवायला मी गेलो.

तो त्याच माळावर होता. शिकायला आलेली पोरं नुकतीच गेली होती. मी सांगितल्यावर तो ट्रकच्या पायरीवर बसला. मग म्हणाला, "मास्तर, एक इचारू? खरा सांगाल?"

"विचार."

"साहेबांना गारी येत व्हती ना?"

वहिनींना मी शब्द दिला होता. पण आता तो कुणासाठी पाळायचा? "येत होती," मी म्हटलं. "धरणावर डंपर चालवायचे ते. तुला कधी कळलं?"

"पयल्याच दिशी." तो दूर बघत होता. "नवा मानूस गियर टाकताना खाली बगतो. गारीवर व्हतू तवाच मोप पोरा शिकवली मी. कोनबी असूदे, खालीच बगतो. साहेबांनी येकदाबी बगला नाय."

"आणि तू बोलला नाहीस?"

"सुरवातीला राग आला. मनात बोललू, हा मानूस मना खेलवतो. मंग समजला, मना बाजवरून उठवाया करतो." त्यानं मिटलेल्या मुठीनं डोळे पुसले. "तवा बोललू असतू तर मी पुना बाजवर. आन मंग वैनी गेली. मंग बोललू असतू तर साहेब कुटं जाते रईवारी?"

इतकी वर्षं दोघं त्या केबिनमध्ये शेजारी शेजारी बसले, एक खोटं चुकत राहिला, दुसरा खोटं ओरडत राहिला, आणि एकमेकांना कधी काही म्हणाले नाहीत. म्हणायला हवं होतं, असं मला फार वाटलं. निदान एकदा. आता ते राहूनच गेलं.

मी निघालो तेव्हा बबननं मागून हाक मारली.

"मास्तर, तुमाला येते गारी?"

"नाही."

त्यानं माझ्याकडे निरखून पाहिलं. "खरंच नाय?"

"खरंच येत नाही, बबन."

"मंग या रईवारी."

मी गेलो. स्टिअरिंगवर बसलो तेव्हा ते इतकं मोठं वाटलं की हात कुठं ठेवावेत कळेना. बबन शेजारी बसला, धुतलेला शर्ट घालून. त्यानं सगळं समजावून सांगितलं, पायानं पत्र्यावर ताल धरला. मी चावी फिरवली, क्लच दाबला, दांड्यावर हात ठेवला आणि गियर कुठं आहे ते खाली वाकून बघायला लागलो.

बबन ओरडला नाही. त्यानं तोंड खिडकीकडे फिरवलं आणि बराच वेळ तो बाहेरच बघत राहिला.